लग्नाचे छायाचित्र : सावध आणि बेसावध

आपल्या लग्नमंडपात सर्वांत मोठ्या आवाजात उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येईल : ‘सावधान’. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी तो येतो, अक्षता पडतात, आणि शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट दूर होतो. या शब्दाने रामदासांना मंडपातून पळविले अशी आख्यायिका आहे. बाकीचे सारे तो ऐकून जागच्या जागी उभे राहतात. परंतु अलीकडे त्याच मंडपात एक मनुष्य असा वावरत असतो की, ज्याचे सारे लक्ष ही मंडळी बेसावध कधी होतात याकडे लागलेले असते. तो ‘इकडे पाहा’ म्हणत नाही, हनुवटी वर करावयास सांगत नाही, आणि होता होईल तो आपला दिवा पेटवीत नाही. खिडकीतून, दारातून, मंडपाच्या कनातीतून जो उजेड येईल त्यावर तो काम भागवितो. त्याला ‘कॅन्डिड’ छायाचित्रकार म्हणतात. चार माणसांना ओळीने उभे करून चित्र घेणारा जुना छायाचित्रकारही तेथेच असतो. त्याच्या वाट्याला आता ‘ट्रॅडिशनल’ हे विशेषण आले आहे. एका लग्नाला दोन-दोन छायाचित्रकार लागावेत, ही विभागणी कशी झाली, तिचा इतिहास आज आपणांस पाहावयाचा आहे.

या बाबतीत एक समजूत सार्वत्रिक आहे. ती अशी की, पूर्वीची माणसे ताठर, लाजरी आणि हास्याला पारखी होती, म्हणून त्यांची चित्रे तशी. आताची माणसे मोकळी, म्हणून त्यांची चित्रे मोकळी. ही समजूत आम्हांस मान्य नाही. जुन्या चित्रांत जो ताठरपणा दिसतो तो पुष्कळ अंशी त्या माणसांचा नसून उजेडाच्या टंचाईचा आहे. ती टंचाई जसजशी कमी झाली, तसतसे स्थिर राहण्याचे ओझे बसणाऱ्याच्या अंगावरून उतरले. आणि त्याच्या जागी सभ्यतेचे एक नवे ओझे चित्र घेणाऱ्याच्या अंगावर चढले. आमच्या सांगण्याचा मतलब एवढाच आहे.

दागेरची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. त्या वेळी भर उन्हातही चित्र उमटावयास मिनिटेच्या मिनिटे लागत. इतका वेळ ना पापणी स्थिर राहते ना स्मित. १८४० मध्ये पेट्झवाल या गणितज्ञाने कित्येक पट अधिक प्रकाश आत घेणारे भिंग सिद्ध केले, रसायनेही सुधारली, आणि मिनिटांचे सेकंद झाले. तरीही बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावावा लागे. तो चित्रात दिसत नाही, परंतु त्याने आणलेली ताठ मान दिसते. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात पुष्कळांना रुबाबाचा वाटतो. तो हात हलू नये म्हणून त्याला दिलेला टेकूही असतो.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज ‘नैसर्गिक प्रकाश’ हे या कलेतील एका पंथाचे निशाण झाले आहे. त्या काळी दुसरा प्रकाशच नव्हता! चित्रशाळा इमारतीच्या वरच्या मजल्यावर असे, तिचे छप्पर काचेचे असे, आणि उत्तरेकडचा सौम्य, न बदलणारा उजेड मिळावा म्हणून सारा खटाटोप असे. तेव्हा प्रकाश नैसर्गिक होता. माणूस मात्र नैसर्गिक राहू शकत नव्हता.

लग्नाच्या चित्रांचा आरंभ शोधू गेल्यास याचे प्रत्यंतर येते. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह फेब्रुवारी १८४० मध्ये झाला. त्याचे छायाचित्र नाही. राणी आणि आल्बर्ट यांचे दरबारी पोशाखातील जे चित्र पुष्कळ ठिकाणी लग्नाचे म्हणून दाखविले जाते, ते रॉजर फेंटनने १८५४ मध्ये, म्हणजे लग्नानंतर चौदा वर्षांनी घेतलेले आहे. पुढे २५ जानेवारी १८५८ रोजी राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. त्या दिवशी समारंभाला निघण्यापूर्वी आई, बाप आणि मुलगी यांचे एक चित्र टी. आर. विल्यम्स याने घेतले. त्यात मुलगी आणि आल्बर्ट स्पष्ट आहेत. राणीची आकृती मात्र पुसट आहे. कारण तिने स्वतःच आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेवले आहे : तिच्या अंगाला कंप सुटला होता. लेक सासरी निघालेल्या आईचा तो कंप चित्रात धरला गेला नाही. त्याने चित्र बिघडले, एवढीच त्याची नोंद राहिली. आज तोच कंप टिपण्यासाठी छायाचित्रकार दाराआड उभा राहतो. मायेत फरक पडलेला नाही. फरक यंत्रात पडला आहे.

आपल्या मुंबईतही ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत आपली चित्रशाळा काढली. १८९६ मध्ये लाला दीनदयाळांची शाखा मुंबईत उघडली. त्याआधी १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ पडदानशीन स्त्रियांसाठी एक वेगळी चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली दिली होती. बाईचे चित्र घ्यावयाचे तर ते कोणी, कोठे आणि कोणासमोर घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे यंत्राइतकाच जुना आहे, हे यावरून दिसेल.

पुढे मध्यमवर्गीय घरांत लग्नानंतर नवरानवरीने चित्रशाळेत जाऊन जोडफोटो काढून घेण्याचा प्रघात पडला. रंगविलेला पडदा, त्यावर महाल नाही तर बाग, एक खुर्ची, एक तिपाई, तिपाईवर फुलदाणी. मंडप, सनई, पंगत, गर्दी यांतले काहीही त्या चित्रात येत नसे. लग्नाचे चित्र म्हणून जे भिंतीवर लागले, ते बहुधा लग्न आटोपल्यावरचे होते.

उजेडाची ही टंचाई दोन बाजूंनी फिटली. १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती सुचविली, आणि दहा वर्षांच्या आत सेकंदाच्या अल्पांशात चित्र घेता येऊ लागले. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की, १८८७ मध्ये जर्मनीत गेडिके आणि मीटे यांनी मॅग्नेशियमची जळती भुकटी तयार केली. आता रात्रही चित्रकाराच्या हाती आली. पण भडका, धूर आणि राख यांच्यासह! १९२९ च्या सुमारास भुकटीच्या जागी काचेचा बंद गोळा आला. धूर गेला, झगझगाट राहिला. या झगझगाटाचा गुण असा की, त्याने मंडपातले चित्र शक्य केले. दोष असा की, यंत्राच्या बाजूने एकदम आलेला उजेड चेहऱ्यावरच्या छाया पुसून टाकतो, जवळच्यांना पांढरे करतो आणि मागच्यांना अंधारात ढकलतो. शिवाय पहिला भडका होताच साऱ्या मंडपाला कळते की, येथे चित्र घेतले जात आहे. तेथून पुढे सारे सावध.

बेसावध चित्राचा खरा प्रवर्तक लग्नाच्या मंडपात नव्हे, राजकारण्यांच्या बैठकीत सापडतो. १९२४ मध्ये ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने ‘एर्मानॉक्स’ हा लहानसा कॅमेरा विक्रीस काढला. त्याचे भिंग इतके प्रखर होते की, दिवाणखान्यातल्या दिव्यांवर चित्र निघे. बर्लिनचा कायदेपंडित एरिक सालोमन याने तो उचलला. १९२८ मध्ये एका खटल्यात त्याने टोपीला भोक पाडून आत कॅमेरा लपविला, आणि पुढे आंतरराष्ट्रीय परिषदांतून जांभया देणारे, पेंगणारे, एकमेकांच्या कानाशी लागलेले मुत्सद्दी टिपले. लंडनच्या ‘ग्राफिक’ पत्राने त्याच्या चित्रांना ‘कॅन्डिड’ हे विशेषण लावले, आणि १९३१ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ‘बेसावध क्षण’ हे शब्द आले. सालोमन ज्यू होता. हिटलरच्या राज्यात त्याला देश सोडावा लागला, आणि १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छावणीत त्याचा अंत झाला. सत्ताधाऱ्यांचा मुखवटा दूर करणारा हा मनुष्य त्याच शतकाच्या सत्तेने गिळला.

याच सुमारास, १९२५ मध्ये, ‘लायका’ बाजारात आला. तो खिशात मावे, आणि त्यात चित्रपटाची फीत बसे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने तो हाती घेतला. असलेल्या उजेडाचा मान राखावा म्हणून कृत्रिम झोत वापरू नये, असे त्याचे मत १९५२ च्या त्याच्या पुस्तकात नमूद आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येपूर्वी काही वेळ त्यांना भेटून आलेला आणि मग त्यांच्या अंत्ययात्रेतील शोकाकुल गर्दी टिपणारा तो हाच. १९५४ मध्ये ‘ट्राय-एक्स’ ही अधिक संवेदनशील फीत लहान कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली, आणि घरातल्या दिव्यावर चित्र घेणे वृत्तपत्रांच्या सामान्य छायाचित्रकारालाही साधू लागले.

लग्नाकडे ही रीत कशी वळली? १२ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेत न्यूपोर्ट येथे जॉन केनेडी आणि जॅकलीन बूव्हिए यांचा विवाह झाला. मेजवानीला सुमारे बाराशे पाहुणे होते. तेथे टोनी फ्रिसेल ही छायाचित्रकार होती. पोशाखांची चित्रे बंद चित्रशाळेतून उघड्या हवेत आणणाऱ्यांत तिचे नाव पुढे होते. मोकळ्या गवतावर उभी असलेली वधू, सागरावरून येणारा उजेड, जमलेली माणसे असे सारे तिने टिपले. आज ती चित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १९८० नंतर डेनिस रेजी याने ‘वृत्तछायाचित्राप्रमाणे लग्न टिपावे’ ही रीत तेथे लोकप्रिय केली. आपल्याकडे त्या सुमारास व्हिडिओचा प्रखर दिवा मंडपात शिरत होता, आणि वधू डोळे चोळीत होती! डिजिटल कॅमेरे आल्यावर मात्र अंधुक उजेडाचे भय उरले नाही, आणि ‘कॅन्डिड’ हा शब्द आपल्या लग्नपत्रिकांइतकाच घरगुती झाला.

खरे पाहता आपला विवाहविधी या रीतीला फार अनुकूल आहे. अंतरपाटाचेच पाहा. तो पांढरा असतो. त्यावर बाजूचा उजेड पडला की तो पसरून दोन्ही चेहऱ्यांवर मऊ परततो. कोणत्याही चित्रशाळेतला पांढरा पडदा याहून अधिक काही करीत नाही. गोरजमुहूर्ताचा उजेड तिरपा आणि सौम्य. मात्र तो फार थोडा वेळ टिकतो. अक्षता हवेत थिजवावयाच्या तर सेकंदाचा पाचशेवा भाग पुरे. तिसावा भाग घेतला तर त्यांच्या रेघा उमटतात. कानपिळीची चेष्टा, सूनमुखाचा आरसा, मुलीला निरोप देताना आईने सावरलेला पदर यांना पुन्हा करावयास सांगता येत नाही; सांगितले तर ते नाटक होते. हार घालताना ‘पुन्हा एकदा’ म्हणणारे आपण पाहिले आहेत. हार पुन्हा घालता येतो. पहिल्या हाराची धांदल पुन्हा येत नाही.

येथे प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ओळीने उभे करून घेतलेल्या चित्रात ज्यांना बोलावले तेच येतात. अनेक घरांतून विधवेला मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत. साहजिकच ती समूहचित्रातही नसे. पंगत वाढणारे, वाजंत्री, चुलीपाशी राबणाऱ्या बाया यांनाही त्या ओळीत जागा नव्हती. घराचा इतिहास चित्रांवरून लिहू गेल्यास ही माणसे जणू नव्हतीच. बेसावध कॅमेऱ्याने त्यांना प्रथमच चौकटीत घेतले, ही त्याची मोठी कामगिरी आहे.

परंतु त्याचबरोबर धोकाही आला. जी आत्या माजघरात एकटी रडते आहे, तिचे चित्र घ्यावे काय? भुकटीचा भडका निदान सूचना देत असे. मुका कॅमेरा देत नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातील आद्य स्त्री-वृत्तछायाचित्रकार. नेहरूंच्या काळातील दिल्ली त्यांनी टिपली, आणि १९७० मध्ये व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांचे वागणे सभ्य राहिले नाही, हे कारण त्या सांगत. ज्यांनी जन्मभर माणसे टिपली त्यांचे हे बोल आहेत. सालोमनने टोपीतून टिपले ते सत्ताधारी होते. मंडपात तर आपलीच माणसे असतात. मुत्सद्द्याची जांभई उघड करणे वेगळे, आणि नवरीच्या आजीची जांभई साऱ्या गावाला दाखविणे वेगळे.

आणि बेसावधपणाचीही पोज होऊ लागली आहे, हे विसरून चालणार नाही. ‘तुम्ही आपसांत बोला, मी येथे नाहीच असे समजा’ अशी आज्ञा होते, आणि मंडळी आज्ञेबरहुकूम हसतात. याहून जुने समूहचित्र प्रामाणिक म्हणावे. त्यात सर्वांनी ठरवून, एकमेकांना खेटून, कॅमेऱ्याकडे पाहिलेले असते. आम्ही सारे त्या दिवशी येथे होतो, असा तो एक दस्तऐवज आहे. त्याला हसू नये, आणि तो घेणे बंदही करू नये.

श्रोतेहो, आमची विनंती तीन गोष्टींची आहे. घरातले जुने चित्र हाती आले तर चेहऱ्याआधी उजेड कोठून आला ते पाहावे. म्हणजे पणजीला कठोर ठरविण्याची घाई होणार नाही. घरी लग्न असेल तर छायाचित्रकाराला मुहूर्ताबरोबर हेही सांगावे की, कोणाला टिपलेले आवडत नाही, आणि कोणाला आजवर कोणी टिपलेच नाही. आणि हजारो चित्रांतून पन्नास निवडून ती कागदावर छापून घ्यावीत, मागे पेन्सिलीने नावे, नाते आणि तारीख लिहावी. नाव न लिहिलेले चित्र, मग ते सावध असो वा बेसावध, दोन पिढ्यांनी परक्याचे होते. हे काम खर्चाचे नाही. घरातले एखादे वडीलधारे माणूस अजून नावे सांगू शकते आहे, तोवर ते करून घ्यावे.