चंपी ते शॅम्पूची पुडी

'शॅम्पू' हा शब्द इंग्रजांचा, असे माझ्या वर्गातली मुले ठामपणे सांगतात. तो गेला आपल्याकडून. हिंदुस्तानीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, चोळणे. आपण मराठीत अंग चेपून देणे म्हणतो, तसेच काहीसे. त्याच 'चाँपो'वरून इंग्रजांनी शॅम्पू केला. अठराव्या शतकात इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मालिश एवढाच होता, फेसाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

विलायतेत ही चंपी लोकप्रिय केली शेख दीन मुहम्मद यांनी. जन्म 1759, पाटणा. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडले, पुढे आयर्लंडला गेले आणि 1794 साली इंग्रजीत आपले प्रवासवर्णन छापले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. 1810 मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्तानी खाणावळ काढली, ती चालली नाही. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेची न्हाणीघरे आणि चंपी सुरू केली. बादशहा चौथा जॉर्ज त्यांचे गिऱ्हाईक झाला. 1851 मध्ये ते ब्रायटनलाच वारले. त्यानंतर हळूहळू शब्दाचा अर्थ मालिशवरून केस धुण्यावर सरकला.

इकडे आपल्या घरांत केस धुण्याचे काम रिठा आणि शिकेकाई करत होते. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, म्हणून तिचा फेस होतो. वनस्पतिशास्त्रात रिठ्याच्या प्रजातीला 'सॅपिंडस' म्हणतात, म्हणजे हिंदुस्तानी साबण. शिकेकाईचा फेस कमी, पण ती केसांना सौम्य.

मग पुडी आली. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू छोट्या पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली 15 हजार रुपयांवर स्वतःचा धंदा सुरू केला, आणि त्यांची 'चिक'ची पुडी खेड्यापाड्यांत पोहोचली. अख्खी बाटली ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या हातात शॅम्पू आला.

या पुडीला नावे ठेवणे सोपे आहे. पण शिकेकाई कुटायची, पाणी आणायचे, चूल पेटवायची, हे सगळे कोण करत होते? आईच. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बाईचा वेळ पुडीने वाचवला, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याबरोबर घरचे ते सगळे मागासलेले, ही समजूतही घरात शिरली. केसांत उवा झालेल्या मुलीला वर्गात चिडवले जाते, तेव्हा तिची आई उधार घेऊन महागडी बाटली आणते. खरे तर उवांसाठी साधा शॅम्पू, मग तो बाटलीतला असो की घरचा, पुरेसा नसतो. केस ओले करून, भरपूर तेल लावून, बारीक दातांच्या फणीने बटाबटांनी विंचरावे लागते. दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे. आणि घरातल्या सगळ्यांचे. रॉकेल मात्र डोक्याला चुकूनही लावू नये. त्याने कातडी भाजते, जवळ चूल असली तर जिवावर बेतते.

घरी करून बघायचे असेल तर शिकेकाईच्या सात-आठ शेंगा, बिया काढलेले दोन रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री भिजत घाला. सकाळी उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्याने गाळा. रिठा डोळ्यांत गेला तर फार चुरचुरतो, म्हणून लहान मुलांसाठी तो कमीच घ्या आणि मान मागे झुकवून धुवा. हे पाणी टिकत नाही, दोन दिवसांत संपवा. खाज किंवा पुरळ आले तर थांबवा.

सातवी-आठवीच्या मुलामुलींना हे सहज जमते. विज्ञानाच्या तासाला रिठ्याचा फेस करून दाखवला तर सॅपोनिन कळते. इतिहासाच्या तासाला दीन मुहम्मद कळतात. मुलगेही शिकले तर हे काम एकट्या आईच्या गळ्यात पडणार नाही. पुडी घ्यायची की शिकेकाई, हे ज्याने त्याने आपला वेळ आणि खिसा पाहून ठरवावे. लाज मात्र दोन्हीची नको.