चंदेरी पत्र्याखालची कुजकी फळी

जुना ट्रेलर विकत घ्यायला निघालेला जाणता अमेरिकन गिऱ्हाईक खिशात आधी स्क्रू-ड्रायव्हर टाकतो, पैशांचं पाकीट नंतर. रंग, पडदे, चकाकणारा पत्रा यांच्याकडे तो ढुंकून बघत नाही. थेट मागच्या बाजूला जातो, गुडघ्यावर बसतो, खालच्या कोपऱ्यात जमिनीची फळी चाचपतो आणि तिला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावतो. टोक टणकन अडलं तर पुढची बोलणी. भिजल्या पावात शिरावं तसं आत गेलं, तर मालकाने सांगितलेला भाव तिथल्या तिथे ऐकण्यासारखा राहत नाही.

आपल्याकडे ट्रेलर म्हणजे सिनेमाची झलक, नाही तर ट्रॅक्टरमागे उसाच्या मोळ्या घेऊन साखर कारखान्याच्या रांगेत उभं असलेलं धूड. अमेरिकेत मात्र ट्रेलर म्हटलं की मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं घर डोळ्यांसमोर येतं. त्यात झोपायला बाकडी, स्वयंपाकाला ओटा, बर्फाची पेटी, जेवायला घडीचं टेबल. १९३० ते १९६० च्या दशकांत बनलेले असले हजारो ट्रेलर आज शेतांच्या कडेला, गोठ्यांत, झाडांखाली पडून आहेत, आणि ते खेचून आणून पुन्हा रस्त्यावर उभे करणाऱ्यांची एक मोठी हौशी जमात तिथे आहे. ही जमात जे काम करते त्याची मुळं मात्र थेट या धंद्याच्या जन्मात आहेत. कारण हा धंदा सुरू झाला तोच मुळी परसात, हौशी माणसांच्या हातोडीने.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी या वाहनांचं संग्रहालय आहे. तिथे १९१३ सालचा एक ट्रेलर जपून ठेवलेला आहे. लॉस एंजेलिसच्या एका घोडागाडी बनवणाऱ्या कारागिराने तो एका प्राध्यापकासाठी बनवला होता. पुढे फोर्डची स्वस्त मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली आणि लोक तंबू, पाट्या, डबे बांधून भटकायला निघाले. १९१९ मध्ये फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहराच्या एका बागेत मुक्कामाला आलेल्या अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टुरिस्ट’ नावाची संघटनाच काढली. खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरवर रिकामा डबा लावायचा.

डेट्रॉइटमध्ये आर्थर शर्मन नावाचे एक जंतुशास्त्रज्ञ होते. १९२९ मध्ये त्यांनी सुट्टीसाठी घडीचा ट्रेलर घेतला. जाहिरातीप्रमाणे तो काही मिनिटांत उभा राहायला हवा होता. पहिल्याच प्रवासात धो धो पाऊस आला, ट्रेलर काही उभा राहीना आणि सगळं कुटुंब चिंब भिजलं. शर्मन यांनी घरी येऊन स्वतःच एक पक्क्या भिंतींची, पक्क्या छपराची लाकडी पेटी चाकांवर बसवली. मुलांनी थट्टेने तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हटलं, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या जुन्या वसाहतकऱ्यांची छप्परगाडी. १९३६ पर्यंत याच नावाची त्यांची कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. पावसाने भिजवलं म्हणून जन्मलेल्या या धंद्याला पावसाने पुढेही कधी सोडलं नाही.

दुसरा माणूस वॉली बायम. ऑरेगनमधल्या बेकर सिटीत १८९६ मध्ये जन्मलेल्या बायमने लहानपणी मेंढ्या राखताना गाढवाने ओढायच्या एका गाडीत मुक्काम केला होता. आत चूल, पाणी, झोपायची जागा, सगळं एवढ्याशा पेटीत. पुढे तो लॉस एंजेलिसमध्ये मासिकं काढू लागला. एका अंकात त्याने घरच्या घरी ट्रेलर बनवण्याचा आराखडा छापला आणि वाचकांच्या तक्रारी सुरू झाल्या की याप्रमाणे काहीच नीट बनत नाही. संपादक सहसा अशी पत्रं टोपलीत टाकतात. बायमने स्वतः बनवून पाहिलं, वाचकांचंच खरं निघालं, आणि मग त्याने आपल्या डोक्याने नवा आराखडा केला. चाकांच्या मध्ये जमीन खाली घेतली, छप्पर उचललं, जेणेकरून माणसाला आत ताठ उभं राहता यावं. आता हे उघड वाटतं, पण तोवर आत वाकून वावरणं लोकांनी नशिबाचा भाग मानला होता. या आराखड्याचे कागद तो पाच डॉलरला विकू लागला. १९३१ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली, तिचं नाव एअरस्ट्रीम.

या कंपनीची ओळख झालेलं चंदेरी रूप मात्र बायमचं नाही. ते हॉली बोलस यांचं. बोलस ग्लायडर बनवणारे. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर सॅन डिएगोत त्यांची देखरेख होती. १९३४ मध्ये त्यांनी विमानासारखाच ट्रेलर बनवला. हलक्या कड्यांचा सांगाडा, त्यावर ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे, सगळं रिव्हेटने जोडलेलं. नाव ‘रोड चीफ’. दिसायला देखणा, पण दरवाजा ठेवला होता पुढे, मोटारीला जोडायच्या दांड्याच्या वर, त्यामुळे घरात शिरायचं तर दांडा ओलांडून जायचं. महामंदीच्या काळात असला महाग डौल परवडणारे थोडेच. कंपनी बुडाली. बायमने तीच कल्पना उचलली, दरवाजा बाजूला आणला आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. नाव पॅन अमेरिकन कंपनीच्या समुद्रावर उतरणाऱ्या विमानांवरून घेतलेलं, किंमत १,२०० डॉलर. चार माणसं झोपतील एवढी जागा, स्वतःचं पाणी, विजेचे दिवे.

त्या वर्षांत ट्रेलरचं वेड इतकं होतं की अर्थकारणावर भाष्य करणाऱ्या रॉजर बॅबसन यांनी भाकीत केलं, वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवरच्या घरांत राहील. तसं झालं नाही. महायुद्ध आलं, अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे गेलं, एअरस्ट्रीमला टाळं लागलं आणि बायम विमान कारखान्यात कामाला लागला. युद्ध संपल्यावर गंमत उलट झाली. विमानांच्या मागण्या थांबल्या, पत्रा वाकवणारे, रिव्हेट ठोकणारे कसबी हात रिकामे झाले. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात जे. पॉल गेटी या तेलसम्राटाच्या ताब्यातली स्पार्टन विमान कंपनी १९४६ च्या सुमाराला ट्रेलर बनवायला लागली. स्पार्टनचे ते लांबलचक, गुळगुळीत ट्रेलर आजही दुरुस्तीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात. कधी सौंदर्याने, कधी खर्चाने.

१९५४ मध्ये दहा फूट रुंदीची चाकांवरची घरं आली. ती एकदा जागेवर नेऊन ठेवली की पुन्हा सहसा हलत नसत. तिथून दोन वाटा फुटल्या. राहायचं घर वेगळं झालं, भटकायचा ट्रेलर वेगळा. आज हौशी लोक ज्यांच्या मागे असतात ते या दुसऱ्या वाटेवरचे.

भटकंतीची जाहिरात कशी करावी हे बायमला नेमकं कळलं होतं. १९५१ मध्ये टेक्सासच्या एल पासोहून तो ६३ ट्रेलरचा तांडा घेऊन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत निघाला. रस्ते असे होते की शेवटपर्यंत टिकलेले थोडेच. १९५९ मध्ये ४१ ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोकडे कूच केलं. इथिओपियाच्या दगडधोंड्यांत आस तुटत होते, सांधे उकलत होते, तिथल्या तिथे वेल्डिंग करून पुढे जायचं. बायमच्या दृष्टीने ही चाचणीच होती. घर स्थिर असावं म्हणून बांधतात आणि गाडी धावावी म्हणून बांधतात; ट्रेलरला दोन्ही व्हावं लागतं. शेकडो मैलांच्या धक्क्यांनी सांधे केसाएवढे उघडतात आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी शिरतं. बायम १९६२ मध्ये गेला. त्याच्यामागे १९६३-६४ चा जगप्रदक्षिणेचा तांडा सिंगापूरहून निघून भारत, अफगाणिस्तान पार करत पोर्तुगालपर्यंत पोहोचला. डाक बंगल्यांच्या त्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ही चंदेरी अंडी ओळीने जाताना पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच करावी.

एअरस्ट्रीम हा ट्रेलरांतला खानदानी. सर्वसामान्यांचा ट्रेलर निराळा. बाजूने पाहिलं तर मांसाच्या आडव्या ठेवलेल्या डब्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘कॅन्ड हॅम’ हे टोपणनाव पडलं. शास्टा कंपनीचा, मागच्या कोपऱ्यांवर पंख लावलेला ट्रेलर हा त्यांतला सगळ्यांत ओळखीचा. हे ट्रेलर दिसतात पत्र्याचे, असतात लाकडाचे. दीड इंची पट्ट्यांचा सांगाडा, आतून बर्च लाकडाचा पातळ प्लायवूड, बाहेरून कागदाला लाजवेल असा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आणि त्यांची बांधणी आतून बाहेर झालेली असते. आधी जमीन, मग आतल्या भिंती आणि कपाटं, मग सांगाडा, वायरी, कापसासारखं भरण, आणि सर्वांत शेवटी पत्रा. कपाटांचे स्क्रू बाहेरच्या बाजूने मारलेले असतात. म्हणून दुरुस्तीवाला बाहेरून आत जातो. आतून भिंत काढायला गेलं की ती हातात तुकड्यातुकड्यांनी येते.

कोपऱ्यांच्या पट्ट्या निघाल्या, त्यांखालची पन्नास-साठ वर्षांची पुट्टी खडूसारखी भुगा होऊन पडली की पत्रा अलगद सुटतो आणि मग खरी गोष्ट समोर येते. खिडकीखाली काळपट डागाची एक रेघ. ती रेघ धरून खाली जावं, की कोपऱ्यात सांगाड्याची लाकडं हाताने चुरता येतात. जाणता माणूस इथे काही तोडत नाही. कुजलेला भाग जागेवर असतानाच तो प्लायवूडच्या पूर्ण तावावर त्याची कड आखून घेतो, फोटो काढतो, तुकड्यांवर आकडे घालतो. एकदा तुकडा फेकला की छपराचा बाक नेमका किती होता हे सांगणारं दुसरं कोणी उरत नाही. कंपन्या कधीच मिटल्या, नकाशे कधीच रद्दीत गेले. नवीन सांगाडा बसला की सांध्यांत पुट्टीऐवजी न वाळणारी रबरी ब्युटाइल पट्टी घालतात. जुन्या कारखानदाराला ही पट्टी मिळाली असती, तर आजच्या अनेकांचा छंदच बुडाला असता.

आतला बर्च प्लायवूड मधासारखा पिवळसर चमकतो तो शेलॅकमुळे. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर किडे जी राळ सोडतात तीच गाळून, पापुद्रे करून जगभर जाते आणि तिचा मोठा वाटा भारतातून जातो. गोंदिया-भंडाऱ्याकडे लाख काढणाऱ्या माणसाला सांगून पटणार नाही, पण मिशिगनमधल्या एखाद्या शेडमध्ये १९५० च्या दशकातल्या ट्रेलरचा रंग जुळवायला अंबर शेलॅकचे चार-पाच हात देणारा माणूस याच किड्याच्या कमाईवर अवलंबून असतो.

एअरस्ट्रीमचं दुखणं वेगळं. त्याचा पत्रा ‘अल्क्लॅड’, म्हणजे बळकट मिश्रधातूवर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. हा थर आरशासारखा घासता येतो आणि घासणारे दिवसचे दिवस यंत्र आणि लेप घेऊन उभे राहतात. कल्हईवाल्याने पातेल्यावरून बोळा फिरवावा आणि काळ्यातून चांदी निघावी, तसाच हा चमत्कार. फरक एवढाच की पातेलं वीस फुटांचं असतं. पण चकाकी वर आणि रोग खाली. या ट्रेलरची जमीन प्लायवूडची आणि ती बसते पोलादी चासी आणि अ‍ॅल्युमिनियमचं कवच यांच्या मधोमध, पोळीत पुरण असावं तशी. मागच्या बंपरजवळून पाणी शिरतं, प्लायवूडची कड कुजते, आणि पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. मग चासी एकीकडे, कवच एकीकडे. बंपरवर उभं राहून उडी मारली आणि चासी हलली, पण कवच हललं नाही, तर समजायचं की आता कवच उचलावं लागणार. सगळे नट सोडवून, आत आडव्या फळ्या देऊन, ते आख्खं कवच चेन-पुलीने वर टांगतात, खालची चासी बाहेर काढतात, आणि परसात काही महिने तो पोकळ चंदेरी फुगा लटकत राहतो.

परत जोडताना रिव्हेटला दोन माणसं लागतात. बाहेरचा हवेच्या दाबाची बंदूक धरतो, आतला दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा टेकवून उभा राहतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. पत्र्यावर टकटक करून खुणा ठरवाव्या लागतात. ठोकळा वाकडा धरला तर रिव्हेट वाकडा, पत्र्याला खड्डा, आणि पुन्हा छिद्र पाडणं आलं. नवराबायकोंनी मिळून ट्रेलर दुरुस्त केल्याच्या कथा अमेरिकेत भरपूर आहेत. त्यांतले किती संसार या रिव्हेटांनी बळकट केले, हे संबंधितांनाच ठाऊक.

ही हौस १९९० च्या दशकात चांगलीच फोफावली. १९९८ मध्ये मिशिगनमध्ये ‘टिन कॅन टुरिस्ट’ हे जुनं नाव पुन्हा जिवंत झालं, ते जुन्या ट्रेलरच्या मेळाव्यांसाठी. १९९९ मध्ये ‘सिस्टर्स ऑन द फ्लाय’ हा फक्त बायकांचा गट निघाला, जुने ट्रेलर रंगवून मासेमारीला जाणाऱ्यांचा. या मंडळींतही दोन तट आहेतच. एकाला स्टोव्हचा खटकासुद्धा त्याच सालचा लागतो, दुसरा जुन्या कवचात वातानुकूलन बसवतो. वाद एका ठिकाणी मात्र थांबतो. जुना गॅसवर चालणारा फ्रिज आणि जुनी गॅसनळी कोणीही नुसत्या प्रेमापोटी सुरू करत नाही, कारण त्याचा विषारी धूर बंद पेटीत माणूस झोपेत मारतो. २०१५ मध्ये शास्टाने १९६१ च्या आपल्या ट्रेलरची नवी आवृत्ती काढली, नेमकी १,९४१ नग, कंपनी १९४१ ची म्हणून.

आणि एक एअरस्ट्रीम असा, ज्याच्या फटींकडे साऱ्या जगाचं लक्ष होतं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर चंद्रावरून परतले, तेव्हा तिथले जंतू सोबत आले असतील या भीतीने त्यांना ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरच एका ट्रेलरमध्ये कोंडलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी बोलले ते त्याच्या मागच्या खिडकीतून. तो होता ३५ फुटांचा बदललेला एअरस्ट्रीम, चाकं काढलेला. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला होता. म्हणजे कुठे फट राहिलीच, तर हवा आत यावी, बाहेर जाऊ नये. गळणार हे गृहीत धरून गळतीची दिशा ठरवणारे हे बहुधा पहिलेच ट्रेलरवाले. असे चार बनले. अपोलो ११ चा आज वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणखी एक पुढे सरकारी सामानात कुठेतरी हरवला, तो २००७ मध्ये अलाबामातल्या एका मत्स्यबीज केंद्राच्या आवारात सापडला. तिथून काढून, डागडुजी करून, तो हंट्सव्हिलच्या अंतराळ संग्रहालयात नेऊन ठेवला आहे.