आठ मीटरवरचा माणूस

मोटारीच्या हेडलाइटवर कधी लेख लिहीन असे वाटले नव्हते. निमित्त झाले भाच्याचे. तो गुरुग्रामला नोकरी करतो. आपल्या नऊ वर्षांच्या जुन्या गाडीचे हॅलोजन बल्ब काढून त्याने एलईडी बसवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, दिवे लुकलुकताहेत. डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते आहे, पण बल्ब तर चालू आहेत. दुकानदार म्हणतोय, रेझिस्टर टाकून देतो." यंत्रांच्या बाबतीत आमच्या घरात माझा सल्ला सहसा कोणी घेत नाही. हेडलाइट हा अपवाद आहे, आणि त्याचे कारण फारसे अभिमानास्पद नाही.

1998 साली मी जयपूरला होतो. गाडी जुनी, दिवे मंद. दिल्लीला सरकारी कामासाठी गेलो असता काश्मिरी गेटच्या बाजारातून 100/90 वॅटचे बल्ब आणले. पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. मूळ बल्ब होते 60/55 चे. बसवल्यावर अपेक्षेइतका उजेड पडेना, आणि आठवड्याभरात बल्बमागचा प्लॅस्टिकचा होल्डर वितळला. एका वयस्क मिस्त्रीने मीटर लावून दाखवले : बॅटरीवर 12.6 व्होल्ट, बल्बपाशी 10.7. कारण सोपे होते. 60 वॅटच्या दोन बल्बना मिळून सुमारे 10 अँपियर प्रवाह लागतो, 100 वॅटच्या दोहोंना जवळजवळ 17. मूळ वायर आणि स्विच बेताचेच; वाढलेला प्रवाह वाटेतच उष्णतेच्या रूपाने खर्च होत होता. फिलामेंटचा उजेड तर व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो : व्होल्टेज 15 टक्के कमी पडले की प्रकाश 40 टक्क्यांहून अधिक घटतो. डावा दिवा त्यातही मंद होता, कारण त्याच्या अर्थिंगचा स्क्रू गंजलेला होता. मिस्त्रीने गंज खरवडला, बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर ओढली, रिले बसवला. जुन्या स्विचकडे आता फक्त रिलेला इशारा देण्याचे काम राहिले. दिवे झगझगीत झाले. मी खूश झालो.

दोन आठवड्यांनी टोंकच्या रस्त्यावर रात्री समोरून येणारा एक मोटारसायकलस्वार डांबरावरून वाळूत उतरला आणि पडला. मागे त्याची पत्नी होती. माझा दिवा डिपरवर होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाईंचे कोपर फुटले होते, गंभीर काही नव्हते. त्यांना मी रुग्णालयात नेले. तो गृहस्थ रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, "साहब, एकदम सब सफ़ेद हो गया." वायर, होल्डर, अर्थिंग, सगळे दोष मी निस्तरले होते. त्यांतला एकही दोष त्याच्या बाजूने पाहिलेला नव्हता.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. प्रखर दिव्याचा लाभ विकत घेणाऱ्याला, त्याची किंमत मोजणारा समोरचा. आणि समोरचाही उद्या त्याहून प्रखर दिवा घेतो. बाजारावर सोडून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून तो सरकारांच्या दारी येतो. तो दोन निरनिराळ्या रीतींनी हाताळला गेला, आणि तो इतिहास मला एखाद्या धोरणविषयक पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवून गेला आहे.

अमेरिकेत सुरुवातीच्या दशकांत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. दिव्याची काच, परावर्तक आणि बल्ब हे सुटे भाग असत. परावर्तक काळवंडे, आत धूळ-पाणी जाई, बदललेला बल्ब जागेवर नीट बसत नसे. यावर उत्पादक आणि राज्यांचे अधिकारी यांनी मिळून तोडगा काढला तो सील्ड बीमचा : काच, परावर्तक, फिलामेंट सगळे एकाच सीलबंद काचपात्रात. 1940 च्या गाड्यांपासून 7 इंचांचा गोल दिवा सर्वत्र आला. जळाला की पूर्ण दिवा बदलायचा, म्हणजे प्रत्येक वेळी परावर्तकही कोराच. खेड्यातल्या पेट्रोल पंपावरही तो मिळे. चुकीचा बल्ब घालण्याची सोयच नव्हती. देखभालीचा प्रश्न इतक्या स्वच्छपणे सोडवणारा नियम क्वचितच सापडेल.

परंतु त्या नियमाने परिणामाबरोबर वस्तूही ठरवून टाकली. 1968 पासून संघराज्याचे मानक लागू होऊ लागले आणि सील्ड बीम आता देशव्यापी कायद्याने पक्का झाला. इकडे युरोपात 1962 साली पहिला हॅलोजन बल्ब, एच-1, आला. 1971 साली अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये देणारा एच-4 आला, जो पुढे भारतात घरोघरी पोहोचला. अमेरिकेत बदलता येणाऱ्या बल्बचा दिवा तोवर बेकायदाच होता. 1981 साली फोर्ड कंपनीने अर्ज केला, 1983 मध्ये परवानगी मिळाली आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर तसा दिवा दिसला. मधे चार दशकांहून अधिक काळ गेला होता. मला यात कोणाचा दुष्टपणा दिसत नाही. चांगला चाललेला नियम बदलण्याची घाई कोणत्याच कार्यालयाला नसते. माझ्या कार्यालयालाही नव्हती.

मौज अशी, की दिवा पुन्हा सुटा झाल्यावर जुनी दुखणीही परतली. प्लॅस्टिकची आवरणे उन्हाने पिवळी पडू लागली, आणि होल्डरमध्ये बसेल तो बल्ब घालण्याची मोकळीक मिळाली. आजचे एलईडीचे प्रकरण त्याच वाटेने आले आहे. जर्मनीने 2020 साली असे बदली एलईडी बल्ब रस्त्यावर येऊ दिले, पण विशिष्ट गाड्यांच्या विशिष्ट मॉडेलांपुरतेच. बल्ब आणि दिवा यांची जोडी म्हणून परीक्षा घेतली. हे मला शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे काय? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 106 वा नियम वाचताना मी चकित झालो होतो. दिव्यापासून 8 मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाला दिपवू शकणार नाही असा झोत खाली वळवलेला असावा, असा त्याचा आशय आहे. बल्ब कोणता, काच कोणती, हे तिथे विचारलेले नाही. समोरचा माणूस तेवढा कल्पिला आहे. नियम म्हणून हा अमेरिकेच्या सील्ड बीमपेक्षा मला उजवा वाटतो. त्याचा गुण हाच त्याचा दोष : तो मोजावा लागतो. मोजायला यंत्र नाही, मनुष्यबळ नाही, म्हणून आपण हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका लावण्याच्या मोहिमा काढल्या. ठिपक्याने उजेड थोडा कमी होई, पण झोताची दिशा होती तीच राही. 2019 च्या दुरुस्तीने परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकास दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. दंड वाढला, मोजणी होती तिथेच राहिली. असो.

रविवारी मी टेप आणि खडू घेऊन भाच्याच्या सोसायटीच्या तळघरात गेलो. भिंतीपासून 8 मीटरवर गाडी उभी केली, नियमाने सांगितलेल्या जागी खूण केली. आधी जुने हॅलोजन : डिपरची वरची कड स्वच्छ दिसली, डावीकडे किंचित चढणारी, खूण अंधारात. मग एलईडी : कडेचा पत्ता नाही, आणि खुणेपाशी धरलेले विजेचे बिल वाचता आले. परावर्तक घडवलेला असतो तो अमुक जागी असलेल्या, काही मिलिमीटरच्या फिलामेंटसाठी. एलईडीची चकती जरा पुढेमागे किंवा जाड असली की झोत फाटतो. लुकलुकण्याचे कारण वेगळेच होते. गाडीचा संगणक बल्बची चाचपणी करण्यासाठी विजेचे स्पंद पाठवतो. तापलेल्या फिलामेंटला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र प्रत्येक स्पंदाला दाद देतो. शिवाय तो वीज इतकी कमी खातो, की संगणकाला बल्ब गेलासे वाटते. रेझिस्टर लावला असता तर ती तक्रार बंद झाली असती आणि फाटलेला झोत तसाच राहिला असता.

"पण मामा, रस्ता तर जास्त दिसतो," तो म्हणाला. खरेच होते ते. मी त्याला भिंतीपाशी, खुणेपुढे, थोडे वाकून उभे राहायला सांगितले आणि दिवे लावले.

दुकानदाराने एलईडी परत घेतले नाहीत. ते डिकीत पडून आहेत. पिवळी पडलेली आवरणे पॉलिश करून घेतली, बल्बपाशी व्होल्टेज पुरेसे मिळते आहे हे तपासले आणि नवे 60/55 चे हॅलोजन बसवले. भाच्याच्या मते उजेड अजूनही थोडा कमीच आहे.