उसन्या विस्मृतीचा उंदीर

उंदराला अल्झायमर होत नाही. वयोमानाने तोही मंदावतो; परंतु अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथे ज्या स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले, त्या मेंदूतील प्रथिनांची पुटे उंदराच्या मेंदूत आपोआप साचत नाहीत. म्हणून हा आजार आधी त्याला द्यावा लागला.

१९९१ साली लंडनमधील संशोधकांना ऐन मध्यम वयात विस्मृतीने ग्रासलेल्या एका कुटुंबात अमायलॉइडशी संबंधित जनुकाचा दोष सापडला. असा उंदीर तयार झाल्याचा दावा त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ मध्ये मागे घेतला गेला. खरे यश आले ते १९९५ मध्ये. सदोष मानवी जनुक बाळगणाऱ्या उंदराच्या मेंदूत पुटे दिसली. पुढच्याच वर्षी कॅरेन शाओ यांच्या उंदरांनी विस्मृतीही दाखवली. पाण्याखाली दडवलेला चौथरा पोहत शोधणे त्यांना नऊ-दहा महिन्यांच्या वयात जमेनासे झाले.

१९९९ मध्ये डेल शेंक आणि सहकाऱ्यांनी १९९५ च्या उंदरांना अमायलॉइडचीच लस टोचली. कोवळ्या वयात लस मिळालेल्यांच्या मेंदूत पुटे जवळजवळ धरलीच नाहीत. आशा उंचावली. माणसांवरील चाचणी मात्र २००२ मध्ये थांबवावी लागली. लस घेतलेल्या सुमारे ३०० रुग्णांपैकी १८ जणांच्या मेंदूला व मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. याहून अंतर्मुख करणारी गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. लस घेतलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतील पुटे जवळजवळ नाहीशी झाली होती. त्यांची स्मृती मात्र अखेरपर्यंत ढासळतच गेली होती.

मग उंदीर खोटे बोलला काय? तसे म्हणता येणार नाही. त्याला जेवढे दिले, तेवढेच त्याने दाखवले. त्याच्या मेंदूत पुटे होती. परंतु माणसात दिसणारा पेशींचा व्यापक नाश आणि ‘टाऊ’ प्रथिनाचे गुंते नव्हते. शिवाय त्याला दिलेला दोष हा फार थोड्या कुटुंबांत आढळणाऱ्या आनुवंशिक प्रकाराचा होता. बहुसंख्य रुग्णांचा आजार त्या वाटेने येत नाही. २००३ मध्ये अर्व्हाइन येथे तीन मानवी दोष एकत्र करून पुटे आणि गुंते दोन्ही दाखवणारा उंदीर घडवला गेला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच.

अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते ऱ्हासाची गती काहीशी कमी करते, गेलेले परत आणत नाही. उंदराची साक्ष निरर्थक नव्हती, अपुरी होती. एका गृहीतकावरून घडवलेल्या प्राण्याने त्या गृहीतकाला दुजोरा दिला, तर तो पुरावा किती मानायचा, हा प्रश्न या इतिहासाने मागे ठेवला आहे. त्याचे उत्तर अखेर रुग्णाजवळच शोधावे लागते, आणि चुकीची किंमतही तोच मोजतो.