शहराची वर्तुळे कोण आखतो?



भूगोल हा आमचा विषय नव्हे. दहावीच्या आतच आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तथापि कामगारांच्या घरांच्या प्रश्नासाठी चाळी हिंडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माणसाची मजुरी कारखान्यात ठरते. पण ती पुरेल किती, हे पुष्कळदा त्याचे घर कोठे आहे यावर ठरते. म्हणून नगररचनेविषयी विद्वानांनी काय म्हटले आहे ते आम्ही जमेल तसे वाचले. त्यातले पटले ते आणि न पटले तेही आपल्यापुढे ठेवतो.

शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी 1925 साली शहराचे एक चित्र मांडले. पाण्यात खडा पडला म्हणजे वलये उठतात, तसे हे शहर. मध्यभागी पेढ्या व बाजार, त्याभोवती मोडकळीस आलेल्या घरांचा पट्टा, तेथे नव्याने आलेले गरीब, मग कामगार, मग मध्यमवर्ग, आणि सर्वांत बाहेर रोज ये-जा करणारे सुखवस्तू लोक. ऐपत वाढली की माणूस बाहेरच्या वलयात सरकतो. 1939 साली होमर हॉइट म्हणाले, वलये नव्हेत, या तर मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या फाकी आहेत. श्रीमंत वस्ती चांगल्या रस्त्याच्या कडेने एकाच दिशेला वाढत जाते. 1945 साली हॅरिस आणि उलमन यांनी दाखवले की शहराला केंद्रे अनेक असतात आणि प्रत्येक केंद्र आपापली वस्ती ओढून घेते.

तिन्ही चित्रांत तथ्य आहे. परंतु बर्जेस यांनी वस्त्यांच्या या हालचालीला वनस्पतींची उपमा दिली : एक वनस्पती हटते, दुसरी तिची जागा घेते. येथे आमचे मन अडते. गवत खरेदीखत करीत नाही, माणूस करतो. खुद्द शिकागोत घरांच्या दस्तऐवजांत अशी कलमे घातली जात की हे घर कृष्णवर्णीयांस विकू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली निकाल दिला, की न्यायालयांनी अशा कलमांची अंमलबजावणी करू नये. म्हणजे जे पाण्यावरचे वलय वाटत होते, ते पुष्कळ ठिकाणी कुंपण होते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. कावसजी दावर यांनी 1854 साली पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली. 1856 मध्ये ती ताडदेवला चालू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ असे गिरणगाव वाढले. 1896 साली प्लेग आला आणि 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पण जेवढ्यांना उठवले तेवढ्यांना सुरुवातीच्या वर्षांत घरे मिळाली नाहीत. ती माणसे उरलेल्या चाळींत दाटली. पुढे बी.डी.डी.च्या 207 चाळी झाल्या. खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक.

भाड्याचा हिशेब करणाऱ्या नकाशांत आणखी एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे जात. गिरणीत तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घालीत, म्हणून अस्पृश्य कामगाराला अधिक मजुरीच्या विणखात्यात शिरू देत नसत. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. कामगार चळवळीने ही चूक आपली म्हणून कबूल केली पाहिजे. खात्यात जी रेघ होती, तीच चाळीतही होती.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तेव्हा आम्ही शाळकरी होतो. घरातली भांडी एकेक करून विकली गेलेली आम्हांस आठवते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. उरली ती जमीन. 1991 च्या नियमाप्रमाणे तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 साली नियम बदलून ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. एका दुरुस्तीने पहिले दोन वाटे आक्रसले.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. 2016 साली सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोन येथील घरांची! बर्जेस यांच्या चित्रात बाहेरचे वलय सुखवस्तूंचे होते. आमच्याकडे परळचा कामगार तेथे पाठवला गेला आणि परळला मनोरे आले. हे निसर्गाने केले नाही, सही-शिक्क्याने झाले.

मग करायचे काय? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती नोंदवण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकास दिला आहे. 2015 साली लोकांनी ओरड केली, तेव्हा मुंबईचा मसुदा नव्याने करावा लागला. तेव्हा आपल्या वॉर्डाचा नकाशा मागून घ्या, चारचौघांत बसून तो वाचा आणि मुदतीच्या आत हरकत लेखी द्या. पगाराची पावती आपण वाचायला शिकलो, नकाशाही शिकू.