अपेक्षाभंगाची कथा कशी लिहितात?

अशा कथेचा शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण खरं काम त्याआधीच झालेलं असतं. फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांची १८८४ सालची ‘द नेकलेस’ बघा. (शेवट सांगावाच लागेल, माफ करा!) मातिल्द मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना घेते आणि हरवते. तसाच ३६ हजार फ्रँकचा हार घेऊन ती तो परत करते. कर्ज फेडण्यात नवरा-बायकोची दहा वर्षं जातात. मग कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

खुणा मात्र आधीच पेरलेल्या आहेत. मैत्रीण हार चटकन देते. डबीच्या आत ज्याचं नाव आहे तो सराफ सांगतो, हार माझ्याकडचा नाही, डबी तेवढी माझी. हार परत करताना मैत्रीण डबी उघडेल का, याचीच आपल्याला धास्ती असते. ती उघडतच नाही.