रेडिओ व बिनतारी सर्किटांची हौशी जुळणी (बुलढाणा जिल्हा)

सुटे भाग जमवून रेडिओसंच, छोटे ट्रान्समीटर, बिनतारी रिमोट अशी उपकरणे घरच्या घरी जोडण्याचा छंद. पैसे वाचवायला कोणी यात पडत नाही, कारण बाजारातला तयार संच सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो. बुलढाणा जिल्ह्यात या छंदावर भूगोलाची छाप मोठी आहे. आकाशवाणीची मोठी मध्यम लहरी केंद्रे जिल्ह्याबाहेर आणि लांबवर आहेत. शिवाय जिल्ह्यातून गेलेली अजिंठ्याची रांग त्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग करते. कोणते सर्किट बोलेल आणि कोणते मुके राहील, हे इथे बऱ्याचदा या दोन गोष्टींवर ठरते.

पूर्वपीठिका : मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, नागपूरचे १९४८ मध्ये, जळगावचे १९७६ मध्ये. बुलढाणा शहरापासून सरळ रेषेत मोजली तर ही अंतरे सुमारे चारशे, तीनशे आणि ऐंशी किलोमीटर भरतात. लोणार-मेहकरकडच्या लोकांना परभणी त्यातल्या त्यात जवळ. दिवसा क्षीण येणारी केंद्रे रात्री मात्र जोरात येतात, कारण सूर्य मावळल्यावर आयनांबरातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली आणि श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले. शॉर्टवेव्हचे कॉइल जमणाऱ्या पोराला त्या काळात घरात वेगळाच भाव असे.

वीज न पोचलेल्या गावात व्हॉल्व्हचा संच चालवायचा तर ९० व्होल्टची हाय टेन्शन बॅटरी लागे, आणि ती परवडणारे थोडेच. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये बंगळूरला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केल्यावर एसी१२८, एएफ११५ ही नावे मेकॅनिकांच्या आणि हौशी मुलांच्या तोंडी बसली. टॉर्चच्या चार सेलवर संच बोलू लागला. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी पोस्टात भरावे लागे. घरी जोडलेला संचही त्यातून सुटत नसे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यास बंद झाली.

क्रिस्टल सेट : बहुतेकांची सुरुवात बॅटरी न लागणाऱ्या या संचाने होते. एरिअल, अर्थ, कॉइल, गँग (केंद्र निवडायचा बदलता कंडेन्सर), एक जर्मेनियम डायोड आणि इअरफोन एवढाच त्याचा संसार. गँग ५०० पिकोफॅरडची असेल तर मध्यम लहरींचा पट्टा धरायला सुमारे २०० मायक्रोहेनरीचे कॉइल लागते. शेतात सगळीकडे सापडणाऱ्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन त्यावर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ५५ ते ६० वेढे शेजारीशेजार घट्ट बसवले की काम होते. तार मिळवायला लांब जावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारी जळतात तिथे वाइंडिंगची दुकाने असतातच, आणि वाइंडिंगवाला गेज सांगितले की तार तोलून देतो. तारेची टोके मात्र ब्लेडने खरवडून तांबे उघडे करावे लागते. नवशिक्यांचे निम्मे संच इथेच फसतात: वरून चकचकीत दिसणाऱ्या इनॅमलवर कथील बसल्यासारखे वाटते, पण जोड धरलेलाच नसतो.

डायोड ओए७९ किंवा १एन३४ जातीचा, म्हणजे जर्मेनियमचा हवा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टला उघडतो. सिलिकॉनच्या डायोडला ०.६ व्होल्ट लागतात आणि क्षीण केंद्राकडे तेवढा दाब नसतो. मोबाईलचा इअरफोन सरळ जोडला तर काहीच ऐकू येत नाही, कारण त्याचा अवरोध फार कमी असतो. त्यासाठी जुन्या रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मध्ये घालतात किंवा क्रिस्टल इअरफोन वापरतात.

अर्थिंगच्या बाबतीत इथली काळी माती मोठी लहरी आहे. पावसाळ्यात ती फुगून रॉडला चिकटते आणि विजेला उत्तम वाट देते; एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉड मोकळा होतो आणि केंद्र निम्म्या आवाजावर येते. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वर पाणी घालतात, नाहीतर बोअरच्या लोखंडी केसिंगला तार बांधतात. एरिअलसाठी घरापासून कडुनिंबापर्यंत ताणलेली वीसपंचवीस मीटर तार पुरते. ती विजेच्या तारांवरून किंवा खालून कधीही नेऊ नये. मृगाच्या आधी गडगडायला लागले की ती घराबाहेरच अर्थला जोडून ठेवावी. वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात त्या वऱ्हाडात ही सूचना शिष्टाचारापुरती समजू नये.

एवढे करूनही घाटावर दिवसा क्रिस्टल सेटवर समाधानकारक आवाज मिळणे अवघडच. अंतराचा हा तोटा भरून काढायला पुढची पायरी लवकर चढावी लागते: एका ट्रान्झिस्टरचा रिफ्लेक्स संच, किंवा तीन पायांची एक आयसी. इंग्लंडच्या फेरांती कंपनीची १९७२ मधील झेडएन४१४ ही त्यातली मूळ आयसी. दीड व्होल्टच्या एका सेलवर चालणाऱ्या या आयसीला फेराइट रॉडवरचे कॉइल आणि गँग जोडली की बाहेरच्या एरिअलशिवाय संच चालतो. तिची वारसदार टीए७६४२ अजूनही मिळते.

सुपरहेट व ट्यूनिंग : खरी परीक्षा सुपरहेटरोडाइन संचात होते. यात येणारे प्रत्येक केंद्र आधी ४५५ किलोहर्ट्झवर आणतात आणि मग मोठे करतात. लाल टोपीचे कॉइल ऑसिलेटरचे. पिवळे, पांढरे आणि काळे हे तीन आयएफटी, म्हणजे या ४५५ किलोहर्ट्झचे ट्रान्सफॉर्मर. भाग बरोबर बसवले म्हणजे संच लगेच बोलतो असे नाही. तो जुळवावा लागतो. प्रथम एखादे क्षीण केंद्र धरून काळ्यापासून पिवळ्यापर्यंत उलट क्रमाने तिन्ही आयएफटी जास्तीत जास्त आवाजावर आणतात. मग डायलच्या खालच्या टोकाला लाल कॉइल आणि वरच्या टोकाला गँगच्या पाठीवरचा ट्रिमर, असे दोनतीन फेरे करतात. स्क्रू ड्रायव्हर प्लॅस्टिकचा हवा. लोखंडी पाते कॉइलमध्ये गेले की कंपनसंख्या सरकते, आणि पाते काढले की जुळवलेले केंद्र पसार होते. सायकलच्या स्पोकऐवजी घासून चपटी केलेली बांबूची काडी वापरण्याची जुनी युक्ती आजही सर्वांत स्वस्त आहे. शेवटी गाभ्यावर मेणबत्तीचा एक थेंब टाकतात. दुसऱ्याने उघडलेल्या संचात हे मेण फुटलेले दिसले तर कोणीतरी आधीच नको तिथे हात घातला आहे हे समजावे.

आजचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विजेच्या उपकरणांचा कचरा. एलईडी दिवे, मोबाईलचे स्वस्त चार्जर, सौरपंपाचे कंट्रोलर मध्यम लहरींवर अखंड खरखर सोडतात. भारनियमनाला सगळा जिल्हा शिव्या देतो, पण गावाची लाईट गेली की घरचा रेडिओ अचानक स्वच्छ ऐकू येतो.

घाट आणि अतिउच्च कंपनसंख्या : एफएम आणि त्यावरच्या पट्ट्यांतील लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यापेक्षा बुलढाण्याचा घाटमाथा सुमारे ३५० मीटर उंच धरला तर उत्तर येते ७७ किलोमीटर. म्हणजे राजूर घाटाच्या तोंडाशी उभे राहून १४४ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याला जळगाव जामोदच्या मागचा सातपुडासुद्धा आवाक्यात येतो. उलट घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या गावाला डोंगरापलीकडचे केंद्र मिळत नाही, कारण ते रेडिओच्या सावलीत पडते.

लोणारला ही सावली वाटीसारखी आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवराच्या तळाशी उतरले की हातातला संच बाहेरच्या जगाशी बोलेनासा होतो. याचे खापर विवरातल्या खडकाच्या चुंबकत्वावर फोडण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. खडकातले स्थिर चुंबकत्व होकायंत्राची सुई हलवू शकेल, रेडिओलहरी अडवत नाही. अडवतात त्या चहूबाजूंच्या उंच कडा.

प्रक्षेपण आणि कायदा : ऐकण्याला आज परवाना लागत नाही, बोलण्याला लागतो. हौशी मंडळींचा पाय घसरतो तो एफएमच्या ‘बग’वर. एक बीसी५४७, चारपाच वेढ्यांचे कॉइल, एक ट्रिमर, कंडेन्सर माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. तासाभरात आपला आवाज शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर येतो. विज्ञान प्रदर्शनात याला हमखास गर्दी होते. मात्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा प्रसारणासाठी राखीव आहे आणि त्यावर विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. बिहारमधील मन्सूरपूर गावात राघव महातो या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने घरीच बनवलेल्या संचावर गावासाठी एफएम केंद्र चालवले. लोकप्रिय असूनही ते २००६ मध्ये बंद करावे लागले. पूर्वी या बाबी १८८५ आणि १९३३च्या कायद्यांखाली येत. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा करण्यात आला. घरगुती ट्रान्समीटरची सरकारला वाटणारी धास्ती मात्र जुनीच आहे: १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने जोडलेल्या यंत्रावर उभा होता.

कायदेशीर वाट हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्याला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची परीक्षा देता येते. अर्ज ‘सरल संचार’ संकेतस्थळावर करतात. प्राथमिक विद्युतशास्त्र आणि नियम हे तिचे विषय. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरल श्रेणीला लागते. पास झालेल्याला व्हीयूने सुरू होणारे बोलनाव मिळते आणि मग स्वतः जोडलेला ट्रान्समीटर हवेत सोडायचा हक्कही मिळतो.

हातजोडणीला भारतात नवा जोम आणला तो हैदराबादच्या अशर फरहान यांच्या ‘बिटेक्स’ या संचाने. साध्या ट्रान्झिस्टरांवर आधारलेला, काही वॅट शक्तीचा आणि दोन्ही दिशांना त्याच सर्किटातून काम घेणारा हा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. आयात केलेल्या टोरॉइड गाभ्यांऐवजी नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायचे आणि शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा स्वस्त मॉस्फेट वापरायचा, अशी त्याची देशी धाटणी. वॉशर तर कोणत्याही तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतो. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकूण २० मीटर लांबीचा डायपोल फार उंच न बांधता टांगला तर दिवसा महाराष्ट्रभर गप्पा होतात. लहरी वर जाऊन आयनांबरावरून खाली येत असल्याने इथे घाट आडवा येत नाही.

भाग आणि शिक्षण : मुख्य बाजार मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली. आता पार्सलने घरपोच माल येतो, पण त्यात शिक्का बदललेले नकली पॉवर ट्रान्झिस्टर सर्रास असतात. जुने भाग भंगारातून काढणे अजूनही शहाणपणाचे; विशेषतः गँग, कारण हवेची गँग आता नव्याने मिळणे कठीण. जिल्ह्यात शेगाव आणि मलकापूर येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांच्या हाती आता सोल्डरिंगपेक्षा तयार मॉड्यूल जास्त दिसतात. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला आरटीएल२८३२यू चिपचा यूएसबी डोंगल संगणकाला लावून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाने १४५.८०० मेगाहर्ट्झवर पाठवलेली चित्रे उतरवता येतात. यात कॉइल गुंडाळण्याची मजा नाही, पण एरिअलचे गणित तेच.

पंपाचा ‘ऑटो’ : या छंदाचा शेतात उतरलेला भाग म्हणजे मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे सर्किट. थ्री फेज वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून अंधारात विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे टाळण्याची गरज यामागे आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी याच गरजेतून ‘नॅनो गणेश’ हे उत्पादन काढले आणि त्याला २००९ मध्ये नोकियाचा पुरस्कार मिळाला. हौशी लोक तेच काम सुट्या भागांतून करतात. आपोआप कॉल उचलणाऱ्या जुन्या मोबाईलच्या इअरफोन पिनेतून आवाज घ्यायचा, एमटी८८७० आयसीने दाबलेल्या आकड्याचा सूर ओळखायचा, ट्रान्झिस्टरमार्फत रिले ओढायची आणि रिलेचे संपर्क स्टार्टरच्या हिरव्या-लाल बटणांना समांतर व एकसर जोडायचे. हिरव्याला समांतर, लालला एकसर. हे उलटे झाले तर मोटार चालूच होत नाही किंवा बंदच होत नाही. स्टार्टरच्या आत ४१५ व्होल्ट असतात, तेव्हा फ्यूज काढल्याशिवाय झाकण उघडू नये.

कॉल करण्याऐवजी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात लोरा मॉड्यूलची जोडी लावणे हा अलीकडचा पर्याय. सिमचा खर्च वाचतो, पण घर आणि विहीर यांच्यात टेकाड नको. जीएसएमवरच करायचे असेल तर सिम निवडताना बघावे लागते: बाजारात स्वस्त मिळणारी सिम८०० मॉड्यूल फक्त २जीवर चालतात आणि जिओचे २जी जाळेच नाही.